तिले इचारलं का?

गेल्या पावसाळ्यात कुडव्याच्या रस्त्यावर एका म्हशीने माझी स्कूटी पाडली. म्हणजे मी सगळ्यांना तसं सांगते. खरं तर म्हैस रस्त्याच्या कडेला स्वस्थ उभी होती, आणि हॉर्न वाजवून तिला बाजूला सारण्याच्या नादात मीच बाजूला झाले, ती थेट नालीत. पायाचं हाड मोडलं आणि गुडघ्यापर्यंत प्लास्टर आलं. म्हशीला काही झालं नाही.

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. भेटायला आलेल्या सहकाऱ्यांनी विचारलं, आता दिवसभर काय करणार? मी डोळे जरा मिटून म्हटलं, "वाचन. फार राहून गेलंय." त्यांना ते इतकं पटलं की दुसऱ्याच दिवशी तीन जाडजूड ग्रंथ घरी पोचले. ते अजून आमच्याकडे आहेत. त्यांच्यावर चहाचा कप फार छान बसतो.

झालं असं की त्याच आठवड्यात मुलाने हैदराबादहून त्याचा जुना खेळाचा डबा पाठवून दिला. दोन हातांत धरायचा, मधे काच, दोन्ही बाजूंना बटणं. फोनवर म्हणाला, "आई, तुला जमेल. यात घाई नसते, पाळीपाळीने खेळायचं." शाळेत असताना त्याच्या हातून असलेच डबे हिसकावून मी तांदळाच्या कोठीत लपवले होते, हे तो विसरला नसावा. पण बोलला नाही. मुलगा वडिलांवर गेला आहे.

खेळ असा होता. काचेवर एक मुलूख दिसायचा, सगळा चौकोनाचौकोनांचा, गच्चीवरून धानाच्या बांध्या दिसतात तसा. आपली माणसं निळी, शत्रूची लाल. कुणाकडे तलवार, कुणाकडे भाला, कुणी घोड्यावर. आपल्या पाळीत एकेकाला उचलून हव्या त्या चौकोनात ठेवायचं, मारायचं असेल तर मारायला सांगायचं, नाहीतर थांब म्हणायचं. सगळ्यांचं झालं की पाळी संपली असं बटण दाबायचं, मग लाल माणसं हलणार. तोवर ती हलत नाहीत. तुम्ही चहा प्या, जेवा, एक झोप काढा, शत्रू भाला उगारून जागच्या जागी उभा. इतका समंजस शत्रू मला आयुष्यात भेटला नव्हता. आमच्या स्टाफरूममध्ये तर नाहीच.

सुख इथपर्यंतच होतं. मारण्याआधी खेळ सांगायचा की घाव लागण्याची शक्यता शंभरात नव्वद. घाव लागायचा नाही. समोरच्याची शक्यता शंभरात पंधरा, आणि त्याचा हमखास लागायचा. तलवारी वापरून वापरून मोडायच्या, आणि त्या नेमक्या ऐन वेळी मोडतात हे मला प्रत्येक वेळी नव्याने कळायचं. सगळ्यात वाईट म्हणजे आपला माणूस मेला की मेला. पुढच्या लढाईत तो नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मरताना तो इंग्रजीत दोन वाक्यं बोलायचा. चष्मा कपाळावर असल्यामुळे ती माझी कधी वाचून व्हायची नाहीत, आणि त्याचं मला जास्तच वाईट वाटायचं.

मी फार चिडायचे. गोंदियात राहणाऱ्या माणसाला राग हिंदीतूनच येतो, मग तो मराठीचा मास्तर का असेना. बाजारात आणि रिक्षावाल्यांकडून इतक्या वर्षांत जे जे कानावर पडलं होतं, ते सगळं मी त्या लाल घोडेस्वारांवर मोकळं केलं. शेजारच्या वहिनींनी एकदा खिडकीतून विचारलं, "सब ठीक है ना?" मी म्हटलं, पाय ठणकतोय. सहानुभूती म्हणून त्यांनी ढोकळा पाठवला.

पण एखाद्या दुपारी सगळं जुळून यायचं. अरुंद पुलाच्या तोंडावर जाड चिलखतवाला उभा केला, त्याच्या मागे धनुष्यवाला, बाजूला घोडा लपवला. लाल माणसं एकेक करून आली आणि पुलावरच संपली. माझ्या एकाही माणसाला खरचटलं नाही. मी उशीवर हात आपटून स्वतःलाच शाबासकी दिली. मंगळवारच्या बाजारातून चार पिशव्यांत भाजी कशी बसवायची हे ज्या बाईला कधी कळलं नाही, तिने पूल राखला होता. हे मला कुणाला तरी सांगायचं होतं. आणि सांगण्यासारखं माणूस खोलीत एकच होतं, त्या म्हणजे माझ्या सासूबाई.

सासरे गेल्यापासून आईंच्या पाळ्या ठरल्या आहेत. आषाढातली आखाडी झाली की त्या आमच्याकडे येतात, कारण पावसात गावाकडच्या अंगणात शेवाळ धरतं आणि पाय घसरायची भीती असते. दिवाळीच्या तोंडावर धाकटा दीर येतो आणि त्यांना सडक अर्जुनीजवळच्या आपल्या गावी घेऊन जातो. दोघा भावांनी ही व्यवस्था चांगल्या मनाने केली, आणि पहिल्या वर्षापासून मी मनातल्या मनात दिवाळीची वाट बघत आले. आई वाईट नाहीत. पण त्यांना माझ्या भाजीत मीठ कमी वाटतं आणि मला त्यांच्या बोलण्यात जास्त. यंदा पाय मोडल्यामुळे स्वयंपाक हे करत होते, म्हणून मीठ हा विषय मायलेकरांत गेला होता. आम्हा दोघींना बोलायला काहीच उरलं नव्हतं. बैठकीतल्या एकाच दिवाणावर, एकाच पंख्याखाली, त्या पायाशी आणि मी भिंतीशी, अशा आम्ही दिवसभर बसून असायचो.

एका दुपारी त्यांनी मान लांब केली. "हे निळं कोन होय?"

"आपली माणसं."

"आन लाल?"

"शत्रू."

"कायले भांडून राहिले?"

इथे माझी पंचाईत झाली. खेळात राजे होते, शाप होते, हरवलेला मुकुट होता, पण ते सगळं इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत होतं. मी ते न वाचता पुढे ढकललेलं होतं. लढाई का चालली आहे हे सेनापतीलाच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "शेतीवरून."

"हां," आई म्हणाल्या. "धुऱ्यावरून असन. बांध कोरला असन कोनी." आणि त्या सरकून माझ्या शेजारी येऊन बसल्या.

सैन्यात एक बाई होती. पांढरा झगा, हातात काठी. ती कुणाला मारू शकत नसे, फक्त जखमी माणसाजवळ जाऊन त्याला बरं करायची. त्या दिवशी चिलखतवाला घायाळ झाला होता, म्हणून मी तिला उचललं आणि पुढे त्याच्या शेजारच्या चौकोनात नेऊन ठेवलं.

"तिले कोठी नेली?"

"पुढे. त्याला लागलंय ना."

"तिले इचारलं का?"

"आई, तिला विचारायचं नसतं. मी ठरवते कोणी कुठे जायचं ते."

"ठरवाले तू कोन होय तिची?"

मी त्यांना खेळ समजावून सांगायला लागले, अगदी वर्गात सांगते तसं, मुद्देसूद. वर्गात जे होतं तेच झालं. सगळं ऐकून घेतल्यावर आई म्हणाल्या, "ते ठीक आहे. पन तिले इचारलं का?"

त्यानंतर रोज तेच. घोडेवाला हलवला, "त्याले इचारलं का?" धनुष्यवाला हलवला, "त्याले?" मी कंटाळले आणि खोटं बोलायला लागले. म्हणायचे, "विचारलं. हो म्हणाला." मग आई मान डोलवायच्या, "मंग जाऊ दे." माझं सैन्य जगातलं एकमेव असं सैन्य होतं जिथे प्रत्येक शिपायाची संमती घेतली जात होती. निदान कागदोपत्री.

खेळात एक नियम होता: झाडीच्या चौकोनात उभ्या असलेल्या माणसाला शत्रूचे घाव कमी लागतात. धनुष्यवाला अगदी कोवळा पोरगा होता, मिशीसुद्धा फुटली नव्हती, म्हणून मी त्याला झाडीत ठेवला. माझ्या मते ही चाल फार शहाणपणाची होती. आईंनी छातीवर हात ठेवला.

"जंगलात कायले ठेवलं त्याले एकट्याले?"

"तिथे सुरक्षित आहे तो."

"जंगलात सुरक्षित?" त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की प्लास्टर पायाचं सोडून डोक्याला घातलंय की काय. "दिवस बुडून राहिला तिथं. बिबट आला मंजे? काढ त्याले बाहेर."

आता, हा खेळ ज्यांनी केला त्यांच्या देशात बिबट नसावा. आमच्याकडे नागझिऱ्याच्या आसपासच्या गावांत दिवस मावळताना लेकराला झाडीत उभं करणाऱ्या बाईला कुणी शहाणी म्हणणार नाही. मी दहा-बारा वेळा सांगून पाहिलं की या जंगलात जनावर नाही. पण आईंचा चेहरा बघून मलाच त्या हिरव्या चौकोनात काहीतरी हलल्यासारखं वाटायला लागलं. मी त्याला बाहेर काढलं आणि चांगल्या मोकळ्या मैदानात, उजेडात आणून उभं केलं. मग पाळी संपवली. तीन लाल घोडेस्वार आले आणि तो इंग्रजीत दोन वाक्यं बोलून मेला.

आईंनी काचेवर त्या रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "पोरगं होतं वो."

त्या दिवशी हे शिरा करणार होते. आई म्हणाल्या, आज गोड नको. यांनी कारण विचारलं तर म्हणाल्या, "घरात गेलं कोनी का गोड खात नाहीत." हे कढई हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. मी भिंतीकडे बघत राहिले.

मला ते बघवेना. तेव्हा मी त्यांना ती गोष्ट सांगितली जी या खेळात सगळे करतात पण उघडपणे कुणी सांगत नाही. खेळ जतन न करता डबा बंद केला आणि पुन्हा सुरू केला की लढाई पहिल्यापासून सुरू होते आणि मेलेला जिवंत असतो. मी बंद करून सुरू केला. धनुष्यवाला आपल्या जागी ताजातवाना उभा. मला वाटलं आई हसतील. त्या दोन वीत मागे सरकल्या.

"हे कसं आलं?"

"परत आणलं मी त्याला."

"मेलेलं परत येते त्याले काय म्हनतात, मालूम नाही का तुले? मास्तरीन ना तू?"

त्या दिवसापासून त्याचं नाव भूत पडलं. भुताला पांढऱ्या बाईच्या शेजारी उभं करायला आईंनी बंदी घातली. मला बाण मारायचा असला की त्या तोंड फिरवून बसत. भुताने पुढे चार लढाया जिंकून दिल्या, पण आईंनी त्याला माणसांत धरलं नाही.

या खेळात आणखी एक गोष्ट होती, आणि ती मला उशिरा कळली. दोन माणसं बरेच दिवस शेजारशेजारच्या चौकोनात उभी राहिली की त्यांची मैत्री होते. मग लढाई संपल्यावर ती दोघं आपसात बोलतात, मनातलं काही सांगतात, आणि पुढच्या लढाईत शेजारी असली की दोघांचंही बळ वाढतं. त्यांना मुद्दाम काही करावं लागत नाही, नुसतं शेजारी ठेवावं लागतं. ही संभाषणं मी चष्मा लावून आईंना मराठीत सांगायचे. त्यांना ती बेचव वाटायची. मूळ संवादात घोडेवाला म्हणायचा की मला माझ्या वडिलांचा अभिमान आहे. आई म्हणायच्या, "असं कोनी बोलते का? त्याच्या बायकोचं काय झालं ते इचार." मग आम्ही त्यांना बायका दिल्या, सासुरवाड्या दिल्या, भाऊबंदकी दिली. एक दिवस सगळं सैन्य ओळीने डोंगर उतरताना बघून आई म्हणाल्या, "आपले वाडवडील माळव्याहून असेच आले असतीन. घोड्यावर बसून." मग थोड्या वेळाने, "मले तं बैलगाडीत आनलं. चुलबंद नदीच्या पल्याडून. बा म्हने जा. गेली."

मी म्हटलं, "हो का?" आणि घोडेवाल्याला दोन चौकोन पुढे सरकवलं.

पुढेपुढे डबा त्यांच्या हातात जायला लागला. बटण दाबताना त्यांचा अंगठा थरथरायचा आणि माणूस भलत्याच चौकोनात जायचा, पण त्या थांब हा हुकूम फार छान द्यायच्या. सगळ्यांना थांबवून ठेवायच्या. मी चिडून म्हणायचे, "आई, असं थांबून लढाई जिंकता येत नाही." त्या म्हणायच्या, "हरली का मंग?" हरत नव्हतो, हे खरं होतं.

प्लास्टर निघालं. मी काठीवर चालायला लागले, मग काठीशिवाय, मग कॉलेजात जायलाही लागले. पण दुपारी घरी आले की मी चप्पल काढायच्या आधी आईंना विचारायचे, "हलवलं का कुणाला?" दिवाळी जवळ येत होती. इतकी वर्षं मी ज्या दिवाळीची वाट बघितली, ती आता अंगावर येत होती. शेवटची लढाई उरली होती आणि मी ती लांबवत होते. आई गेल्यावर मी कुणाशी भांडू, हा प्रश्न मला खरंच पडला होता.

आणि तेव्हा दीर आला. हातात शिंगाड्यांची पिशवी, चेहऱ्यावर काहीतरी ठरवून आल्याचा भाव. चहा झाला. मग तो म्हणाला, "दादा, वहिनी, मी काय म्हणून राहिलो का, आता आईले अठीच राहू द्या. कायमचं. गावाले दवाखाना दूर. आम्ही दोघंबी वावरात. मागच्या साली आंगनात पडली ते थोडक्यात वाचली. एकटी असली घरी तं मले कामात जीव लागत नाही."

त्याचं काहीही खोटं नव्हतं. यांनी मान हलवली आणि माझ्याकडे बघितलं. दीरानेही बघितलं. दोघांच्या नजरेत एकच धास्ती होती. आईंच्या पाळीबद्दल मी आजवर किती वेळा काय काय बोलले होते, ते दोघांनाही पाठ होतं. आता ही बाई काय म्हणते?

मला तर आतून उकळ्या फुटत होत्या. मी म्हटलं, "त्यात विचारायचं काय? राहू द्या ना. मला सोबतच होईल."

दीर उठून माझ्या पाया पडायचाच बाकी होता. हे इतके हळवे झाले की त्यांनी आपल्या कपातला उरलेला चहा माझ्या कपात ओतला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी असं कधी केलं नव्हतं. मी आदर्श सून म्हणून पाच मिनिटं बसून घेतलं. भाचीच्या लग्नात लोक माझ्याबद्दल काय बोलतील इथपर्यंत माझं मन पोचलं होतं.

तेवढ्यात माझं लक्ष आईंकडे गेलं. त्या दिवाणाच्या कोपऱ्यात डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आमचं बोलणं त्यांनी शब्दन् शब्द ऐकलं होतं. त्या काही म्हणाल्या नव्हत्या. आम्ही तिघांनी त्यांना उचललं होतं आणि एका चौकोनातून दुसऱ्यात ठेवलं होतं, आणि त्या थांबल्या होत्या. काचेवर पांढरी बाई उभी होती, हुकमाची वाट बघत.

मला एकदम लाज वाटली. ती काही थोर लाज नव्हती, चिडचीड होती. कारण मला कळलं होतं की आता मला काय करावं लागणार आहे, आणि ते केलं तर माझी सोबत जाणार आहे. मी पाणी प्यायले. खिडकीतून बघितलं. कुणीतरी दुसरं विचारेल म्हणून थोडा वेळ वाटही बघितली. दोन्ही मुलगे आईच्या औषधांचं बोलायला लागले होते.

शेवटी मी म्हटलं, "आईंना विचारलं का?"

दीर म्हणाला, "काय?"

"त्यांना कुठे राहायचंय ते. विचारलं का कुणी?"

हे म्हणाले, "अगं, आईला काय, जिथे आपण..." आणि मधेच थांबले.

मी आईंच्या शेजारी जाऊन बसले. "आई, तुम्हाला कुठे राहावंसं वाटतं? सांगा." आणि खरं सांगते, मी मनात म्हणत होते, इथे म्हणा. विचारल्याचं पुण्यही मिळू दे आणि तुम्हीही राहा.

आईंनी डबा बाजूला ठेवला. "गावाले," त्या म्हणाल्या. जराही विचार केला नाही.

"पन आई, आंगनात पडली तं?" दीर म्हणाला.

"पडीन तं पडीन. माह्या आंगनात पडीन." मग थोडं थांबून, "अठी मी पाहुनी आहो गा. चांगली पाहुनी आहो. सारे करतात माहं. पन पाहुन्याले कोनी काम सांगत नाही, आन पाहुना कोनाले सांगत नाही. दिवाळीले, मंडईच्या जत्रेले घरी दिवा कोन लावन?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हे पोरगी चांगली आहे. मीठ कमी टाकते. पन चांगली आहे."

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि रागसुद्धा आला. तिघांपैकी कशाला आधी वाट द्यावी ते कळेना, म्हणून मी कप उचलून आत गेले. ओट्यापाशी उभी राहून मी बराच वेळ स्वच्छ कप धूत होते.

अंगणात फरशी बसवून आणि भिंतीला धरायला लोखंडी दांडा लावून मग आई गावाला गेल्या. पाळ्यांचं ठरलं ते असं की आता त्या सांगतील तेव्हा त्यांना आणायचं. निघताना मी डबा त्यांच्या पिशवीत घालायला गेले तर त्यांनी परत दिला. "मले कोठी फुरसत राहते तिथं," म्हणाल्या. "त्या पांढऱ्या बाईले समोर नेजो नको. आन भुताले तिच्यापासून दूर ठेवजो."

मी शेवटची लढाई सुरू केली नाही. एकदोनदा डबा उघडला. पांढऱ्या बाईला उचललं, आणि रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हटलं, "जाता का?" हे मागून आले आणि म्हणाले, कुणाशी बोलतेस? मी म्हटलं, वाचतेय. त्यांनी कप ठेवलेल्या ग्रंथांकडे बघितलं आणि गेले. मला आईंची आठवण यायची. ज्यांच्या जाण्याची मी वर्षानुवर्षं वाट बघितली त्यांची आठवण येत होती, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण कुणाचा विश्वासच बसला नसता.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते, म्हणजे जत्राच. ज्या गावची मंडई, त्या गावी घरोघरी पाहुणे. लेकी, जावई, सोयरे, सोयऱ्यांचे सोयरे. आजवर मी या दिवशी उत्तरपत्रिका तपासायच्या आहेत असं सांगून घरी राहायचे. यंदा डबा पर्समध्ये घेऊन सकाळीच निघाले. मनात चित्र असं की अंगणात ऊन पडलेलं असेल, आई खाटेवर बसलेल्या असतील, मी शेजारी जाऊन बसेन, आणि आम्ही दोघी मिळून शेवटची लढाई जिंकू.

अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. आई खाटेवर नव्हत्याच. नव्या फरशीवर, त्या लोखंडी दांड्याला एका हाताने धरून त्या उभ्या होत्या आणि दुसऱ्या हाताने सगळ्या घराला हलवत होत्या. "तू पानी भर. तू चुलीपाशी बस. ये गा, खुर्च्या आन शेजारून. त्या जवायाले सावलीत बसव, तोंडावर ऊन येऊन राहिलं." माणसं इकडची तिकडे पळत होती. कुणाला काही विचारलं जात नव्हतं. दीर दोन्ही हातांत बादल्या घेऊन माझ्यासमोरून गेला आणि त्याने असा चेहरा केला की बघा वहिनी, तुम्हीच विचारलं होतं.

मी डबा पर्समधून अर्धा बाहेर काढला. आईंनी बघितलं. "ते राहू दे आता. जा, वडे थाप. डाळ वाटून ठेवली आहे. मीठ मी टाकलं, तू टाकू नको."

मला राहवेना. सगळ्यांसमोर, कमरेवर हात ठेवून मी म्हटलं, "मला विचारलं का?"

आईंनी दांडा सोडला. माझ्याकडे नीट बघितलं. त्यांना ती थट्टा कळली, आणि त्याखालचंही कळलं असावं.

"तुले काय इचाराचं वो?" त्या म्हणाल्या. "पाहुन्याले इचारतात. तू तं माही आहेस."

आणि लगेच मागे वळून कुणावर तरी ओरडल्या, दूध उतू जात होतं. मी पर्स खुंटीला अडकवली, पदर खोचला, आणि चुलीजवळ जाऊन डाळीच्या पातेल्यापाशी बसले.